पूर्ण व्होल्टेज दिसतं, तरी मोटार का जळते?

मंडळी, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात काय किंवा शिरपूर-शिंदखेड्याकडे काय, उन्हाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘मीटरवर व्होल्टेज पूर्ण होतं, तरी मोटार जळाली.’ मीटर खोटं बोललं का? बहुधा नाही. आपण त्याला काय विचारलं आणि कधी विचारलं, ते बघू.

व्होल्टेज कधीच एकट्या वायरचं नसतं. न्यायदर्शनात ‘संयोग’ हा गुण दोन वस्तूंत मिळून राहतो म्हणतात ना, तसंच हे. म्हणून मल्टीमीटरचं एक टोक इकडे, एक तिकडे. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३०, दोन फेजांमध्ये ४०० ते ४१५. डिजिटल मीटरचा आतला रोध बहुधा १० मेगाओहम असतो, त्यामुळे त्यातून करंट जवळजवळ जातच नाही.

गोम इथेच आहे. लाइनीवरच्या मोटारी बंद असताना वायरीतून करंट नाही, म्हणून घटही नाही. डीपीवर जेवढं, तेवढंच विहिरीवर. मोटार सुरू झाली की लांबच्या वायरीत व्होल्ट खर्ची पडतात. समजा, ४१५ चे ३४० उरले. पाणी तर तेवढंच ओढायचंय, मग मोटार करंट जास्त घेते. पाच एचपीची मोटार साडेसात अँपिअर घेते असं धरा. ते नऊवर गेलं तर वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, जवळपास दीडपट! तेव्हा मोजायचं ते चालू मोटारीवर, फेजांच्या तिन्ही जोड्यांत, आणि सोबत करंटही. स्टार्टर उघडून हे करणं वायरमनचं काम, बरं का.

करंट ‘मधून’ जातो. तिथे मीटर वाटेतच बसवायचं, एकसर जोडणीत, आणि म्हणून त्याचा रोध मुद्दाम नगण्य ठेवलेला असतो. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच टोकं दोन फेजांना लावली, तर सरळ शॉर्ट! फ्यूज नसलेलं स्वस्त मीटर हातातच फुटू शकतं. म्हणून मोटारीला टाँग टेस्टर बरा. वायर तोडावी लागत नाही, तो भोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून करंट सांगतो. जबड्यात मात्र एकच वायर घ्या. तिन्ही घेतल्या तर बेरीज शून्याजवळ येते, आणि चालती मोटार करंटच घेत नाही असं वाटतं.

शून्यावरून आठवलं. लाइन बंद आहे का बघताना मीटर आधी चालू लाइनीवर लावा, मग बंद वाटणाऱ्या, मग पुन्हा चालू. लीड आतून तुटली असेल तर जिवंत वायरवरही मीटर काहीच दाखवत नाही.