बांधकाम परवानगी, अपील आणि अंमलबजावणीची जबाबदारी

बांधकाम परवानगी नाकारली गेल्यास दाद कोठे मागावी आणि परवानगीविना उभी राहिलेली इमारत पाडण्याचे दायित्व कोणाचे, हे दोन प्रश्न सामान्यतः वेगळे मानले जातात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ पाहता ते परस्परांत गुंतलेले आढळतात.

कलम ४४ अन्वये केलेल्या अर्जावर नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मात्र प्रस्तावित बांधकाम विकास योजना व नियमावली यांच्याशी सुसंगत असले पाहिजे. ही अट बहुधा विसरली जाते. परवानगी नाकारल्यास किंवा जाचक अटींवर दिल्यास अर्जदारास आदेश कळविल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते. हा अधिकार केवळ अर्जदाराचा आहे. ज्याच्या खिडकीसमोर भिंत उभी राहते त्या शेजाऱ्यास हे कलम अपिलाचा अधिकार देत नाही. त्याने प्राधिकरणाकडे तक्रार करावी, अन्यथा रिट अर्ज घेऊन उच्च न्यायालयात जावे.

अंमलबजावणीचा गाभा कलम ५३ मध्ये आहे. पूर्णतः विनापरवाना बांधकामास २४ तासांची, तर मंजूर नकाशापासून ढळलेल्या बांधकामास किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळालेली व्यक्ती मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ अन्वये अर्ज करू शकते, आणि अर्ज प्रलंबित असेपर्यंत केवळ नोटिशीने बांधकामास बाधा येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा विलंब येथेच शिरतो. प्रामाणिक चूक करणाऱ्यासाठी ठेवलेली ही वाट निर्ढावलेल्या विकासकासही तितकीच खुली आहे.

विलंबाची किंमत दि. ४ एप्रिल २०१३ रोजी दिसली. ठाणे जिल्ह्यातील शिळफाटा येथे अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. कर्तव्यात कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास कलम ५६-अ खाली शिक्षेची तरतूद आहे. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने दि. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयाने पाडकामापूर्वी १५ दिवस अथवा स्थानिक कायद्यातील मुदत, यांपैकी जी नंतर संपेल तितका अवधी बंधनकारक केला. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागा त्यातून वगळल्या. निर्देश मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून वैयक्तिक भरपाईही वसूल होऊ शकते. परिणामी खासगी जमिनीवरील बांधकामाबाबत २४ तासांची तरतूद एकटीने वाचून चालत नाही.