मुदतीपूर्वी सोडलेली खोली

निफाड तालुक्यात जुलै-ऑगस्टचे दिवस घरात पैसा येण्याचे नव्हेत. द्राक्षाचे उत्पन्न उन्हाळ्याआधीच येऊन औषधांच्या उधारीत आणि सोसायटीच्या भरण्यात गेलेले असते, ऑक्टोबरची छाटणी पुढे उभी असते, आणि चाळीतला उन्हाळ कांदा भाव चढेल ह्या आशेने राखून ठेवलेला असतो. नेमक्या ह्याच दिवसांत अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या चालतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या घरचा निम्मा कांदा लासलगावच्या बाजारात गेला तो पुण्यातील एका खोलीच्या अनामतीसाठी. आणि मुलगा तेथे जाऊन आठवडा होतो न होतो तोच पुढच्या फेरीत त्याला नाशिकचे महाविद्यालय व मनाजोगती शाखा मिळाली. आनंदाची ती बातमी घरात आली खरी, पण तिच्या मागोमाग पाचशे रुपयांच्या मुद्रांकावरचा करारनामा घेऊन त्याचे वडील माझ्या ओट्यावर येऊन बसले. “अण्णा, पोराची सही होऊन गेलीय. आता बांधले गेलो ना आपण?” एवढेच त्यांनी विचारले.

कागद मी दोनदा वाचला. मुदत अकरा महिने, भाडे दरमहा ७,००० रुपये, अनामत २१,००० रुपये, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत अशी शर्त, की मुदतीपूर्वी जागा सोडल्यास अनामत जप्त होईल आणि उर्वरित सर्व महिन्यांचे भाडे एकरकमी भरावे लागेल. ह्या शर्तीला हल्ली ‘लॉक-इन’ म्हणतात. पुण्या-नाशकात कॉट बेसिसवर राहणाऱ्या, पीजीत उतरणाऱ्या किंवा चौघांत मिळून फ्लॅट घेणाऱ्या मुलांच्या कागदांत ती थोड्याफार फरकाने आढळते, आणि सही करण्यापूर्वी ती वाचणारा मुलगा मला तरी क्वचितच भेटला आहे.

सही झाली म्हणजे सर्व संपले, हा जो समज आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे, त्याची मुळे सावकाराच्या रोख्यात आहेत. १८७५ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मजकुरापाशी न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दल किती दिले, व्याज किती चढवले, फेड किती झाली हे सारे उकलून पाहण्याची मुभा दिली. त्या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम पुढे ज्यांनी केले ते महादेव गोविंद रानडे, आणि त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी ह्याच निफाडात झाला. आपल्या गावचा एक पुरुष कागदाच्या पलीकडे पाहणाऱ्या न्यायाशी इतका निगडित होता, ही गोष्ट मला नेहमी अभिमानाची वाटत आली आहे.

खोलीचा करारनामा काही सावकारी रोखा नव्हे, आणि तो कायदाही आज अस्तित्वात नाही; परंतु १८७२चा भारतीय करार कायदा सर्वांसाठी आहे, आणि त्याचे ७४वे कलम प्रत्येक पालकाने जाणून घ्यावे असे आहे. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी करार मोडल्याबद्दल मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा होय, हक्काची रक्कम नव्हे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली विकास प्राधिकरणाने एका भूखंडाच्या व्यवहारात जप्त केलेल्या अनामतीचा वाद आला, तेव्हा तोच भूखंड पुढे लिलावात अधिक किमतीला विकला गेला असून प्राधिकरणाचे काही नुकसान झाले नाही हे पाहून न्यायालयाने अनामत परत करविली. शिवाय, नुकसान टाळण्याचे जे उपाय हाताशी होते त्यांचा हिशेब भरपाई ठरवताना घ्यावा, असे ७३व्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते. म्हणजे महिन्याभरात दुसरा विद्यार्थी ठेवून घेणाऱ्या मालकाला त्याच खोलीचे दहा महिन्यांचे भाडे पहिल्याकडूनही वसूल करता यावे, हे ह्या तत्त्वांत बसत नाही.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत तर इतकी सार्वत्रिक आहे की शिकलेली माणसेही ती छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आल्यानंतर त्याच्या ५५व्या कलमाने भाडेपट्टा असो वा अनुज्ञप्ती, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात तो करार, लेखी करून नोंदवणे बंधनकारक केले आहे, आणि ती जबाबदारी जागामालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर शर्तींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या समोरचा कागद नोटरीच्या शिक्क्यापलीकडे गेलेला नव्हता. आणखी एक गोष्ट: अकरावी-बारावीच्या शिकवणीसाठी शहरात ठेवलेल्या मुलाचे वय अठराच्या आत असते, आणि अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवले आहे. अशा वेळी सही वडिलांची असते आणि जबाबदारीही त्यांचीच.

जेवणखाण, साफसफाई, पहारा ह्यांसह व्यवसाय म्हणून चालवलेले वसतिगृह ही सेवा असल्याने तेथे ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९चाही आधार घेता येतो. अवाजवी अनामत मागणे आणि नुकसानीच्या मानाने बेसुमार दंड लादणे ह्यांना तो कायदा ‘अनुचित करार’ म्हणतो. अशा करारावरची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतील उणिवेची मात्र जिल्हा आयोगापुढे मांडता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस तेथे शुल्क पडत नाही.

साथीच्या वर्षी सरकारांनाही ह्या प्रश्नात हात घालावा लागला. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने मजुरांना व विद्यार्थ्यांना घराबाहेर काढणाऱ्या मालकांवर कारवाईचा आदेश काढला. पण मुलेच गावी परतली असता रिकाम्या खोलीचे काय, ह्याला त्यात उत्तर नव्हते. स्कॉटलंडने त्याच वर्षीच्या मे महिन्यात कायदा करून विद्यार्थी-निवासांतील जुने करार सात दिवसांच्या आणि नवे करार अठ्ठावीस दिवसांच्या सूचनेने संपवण्याचा तात्पुरता हक्क दिला. आपल्याकडे प्रवेशफेरी बदलल्याने जागा सोडावी लागणाऱ्या मुलांसाठी असा एक साधा नियम असावा, असे मला मनापासून वाटते. कारण येथे मुलगा वचन मोडत नसतो, फेऱ्यांची व्यवस्थाच त्याला एका शहरातून दुसऱ्या शहरात नेत असते.

मात्र मालकाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. ही खोली देणाऱ्या बाई एकट्या होत्या, आणि दोन खोल्यांच्या भाड्यावर त्यांचे घर चालत होते. म्हणून वडिलांना मी तगाद्याची नोटीस न लिहिता पत्र लिहायला सांगितले. प्रवेशाच्या पत्राची प्रत जोडून, खोली १५ ऑगस्टला सोडतो, महिन्याचे भाडे भरलेलेच आहे, दुसरा विद्यार्थी मिळेपर्यंतचे भाडे वजा करून अनामत परत करावी, असा त्याचा मजकूर. फोनवर बोलणे झाले तरी पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचे आणि मोबाइलवरही टाकायचे. निघताना मुलाने विजेच्या मीटरचा आकडा, भिंती, पलंग आणि कपाट ह्यांची छायाचित्रे घेतली, आणि किल्ली दिल्याची पोच दोन ओळींत बाईंकडून लिहून घेतली. ती पोच घेताना त्याला संकोच वाटला, असे तो नंतर म्हणाला.

दुसरा मुलगा १३ सप्टेंबरला राहायला आला. बाईंनी बारा दिवसांचे २,८०० आणि नव्या करारनाम्याच्या खर्चाचे १,२०० रुपये वजा करून १७,००० रुपये परत पाठवले, आणि हिशेबाचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. मुलगा आता सकाळच्या एस.टी.ने नाशिकला जातो. परत आलेली रक्कम ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीला लागली.