पिशवी आधी आवडू द्या, पर्यावरण नंतर सांगा

बारामती-इंदापूरकडून एक प्रश्न कायम येतो: "सर, कापडी पिशव्यांचा धंदा चालेल का?" चालेल. पण नुसतं 'पर्यावरण वाचवा' छापून नाही. तसली पिशवी लोक फुकट घेतात आणि दाराच्या खिळ्याला टांगून ठेवतात.

आधी माल ओळखा. कापडासारखी दिसणारी 'नॉन-वोव्हन' पिशवी असते ना, ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच! 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत तिचंही नाव होतं. नियम पुढे बदलत गेले, पण ती कापडी म्हणून विकलीत तर गिऱ्हाईकाला फसवलंत.

मग शिवायचं काय? जुन्या साडीचा काठ दर्शनी बाजूला, गोधडीला लावतो तसं मऊ सुती लुगडं आतून अस्तराला. पट्टा रुंद, आत मोबाईलचा कप्पा. दोन पिशव्या कधीच सारख्या होणार नाहीत, आणि हीच तर स्टाईल!

गिऱ्हाईक लांब नाही. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. एखाद्या पिशवीवर रोहित भरून बघा.

आता दर. समजा सामान 60 रुपये, शिलाई 90. बऱ्याच ताई इथंच चुकतात, "शिलाई काय, घरचीच" म्हणत 100 ला देऊन टाकतात. हा धंदा नाही, तोटा आहे. तुमची मजुरी आधी वहीत लिहा, त्यावर नफा धरा.

सुरुवातीला दहाच शिवा. त्यातली एक स्वतः महिनाभर बाजाराला न्या, कांदे-बटाटे भरून. पट्टा कुठं उसवतो ते कळेल.