हप्त्याची उलटी वाट

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तलाठी कार्यालयात वसुलीची यादी टेबलावर पडली होती. नाव, गाव आणि शेवटच्या रकान्यात रक्कम: ६,०००, ८,०००, १२,०००. सगळे आकडे दोन हजारांच्या पटीत, कारण शेतकऱ्यांसाठीच्या पीएम-किसान योजनेचा हप्ताच तेवढा. मार्च २०२०च्या टाळेबंदी पॅकेजात एप्रिलचा हप्ता लवकर सोडायचे ठरले आणि कोरोनाची मदत म्हणून तो खात्यांत पडला. त्याच वर्षी अपात्रांकडून सगळे हप्ते परत मागायला सुरुवात झाली.

यादीत कोण असणार हे गावाला आधीच ठाऊक होते. वेकोलिच्या कोळसा खाणीतला कामगार, बल्लारपूरच्या कागद कारखान्यातला कर्मचारी, जिल्हा परिषदेचे गुरुजी. पगार एकीकडे, वाडवडिलांची धानाची बांधी दुसरीकडे. सातबाऱ्यावर नाव असले की शेतकरी, आयकर भरला की योजनेबाहेर. फेब्रुवारी २०१९मध्ये याद्या घाईने झाल्या. शेतकऱ्याचे घोषणापत्र घेतले आणि पुढे पाठवले. आयकर खात्याच्या नोंदींशी मेळ नंतर घातला, तोवर ऑगस्ट २०२०पर्यंतचे सहा हप्ते गेलेही होते.

पैसा पाठवायला दिल्लीत एक कळ पुरते. परत आणायला मात्र कोतवाल लागतो. तो सायकलवर नोटिसा घेऊन निघतो, घर शोधतो, पोच घेतो. गुरुजी मुकाट्याने भरतात. नोकरीवर डाग नको असतो. बाकीचे भांडतात. "पैसा मी मागाले गेलतो का जी? आला म्हून काढला," एक म्हातारा म्हणाला. कोतवालाकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नाही. त्या पैशातून रोवणीची मजुरी केव्हाच गेली होती.

रक्कम तहसीलच्या खात्यात भरायची, पावती घ्यायची, मग पोर्टलवर नोंद. हे काम महसूलने करायचे की कृषी खात्याने, यावर राज्यभर वाद पेटला. तलाठ्यांनी बहिष्कारही घातला. त्यांचा राग मला खरा वाटतो. चूक वरच्या पडताळणीची, शिव्या मात्र साझ्यावर.

शेजारच्या गडचिरोलीत आयकर भरणारे कमी. तिथला गुंता निराळा. वनहक्काचा पट्टा कायद्यानेच नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. दोघांनीही अर्ज केला तर योजनेच्या नियमात ते एकच कुटुंब, हप्ताही एकच. दुसऱ्याचे पैसे परत. हे माडिया बोलणाऱ्या घरात सरकारी मराठीतल्या नोटिशीवरून कसे कळावे? शिकलेला पोरगा शोधावा लागतो. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की रस्ताच बंद, मग नोटिशीतली मुदत कुठून धरायची?

चंद्रपूरच्या त्या यादीत सर्वांत अडचणीत होता ट्रॅक्टरच्या कर्जासाठी विवरणपत्र भरलेला एक शेतकरी. बँकेने मागितले म्हणून भरले, कर शून्य. नियमात अपात्र ठरतो तो कर भरणारा. याने छदामही भरलेला नव्हता, तरी यादीत नाव होतेच. तलाठ्याने त्याला विवरणपत्राची प्रत आणि अर्ज घेऊन तहसीलला जायला सांगितले. तिथून अहवाल वर जाईल, वरून नाव निघेल, तोवर पुढचे हप्ते बंदच. त्याने बसची वेळ विचारली.