विश्लेषण : मुलांसाठीचे ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रम आपल्याकडे एफएमवर का नाहीत?

अमेरिकेत ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन ओडिसी’ ही मुलांसाठीची ख्रिस्ती रेडिओ नाट्यमालिका १९८७ पासून सुरू आहे. ठाण्यात, अगदी बाळकुम नाक्यावर उभे राहून एफएमची सगळी केंद्रे चाळली तरी ख्रिस्ती संस्था चालवते असे एकही केंद्र सापडणार नाही. असे का?

नियम काय सांगतो?

खासगी एफएम धोरणानुसार धार्मिक संस्था किंवा तिच्याशी संबंधित कंपनीला परवाना मिळत नाही. हा नियम सर्वच धर्मांना लागू आहे. भक्तिगीत वाजवायला मनाई नाही. मनाई आहे ती धार्मिक संस्थेने केंद्र चालवण्याला.

मग कार्यक्रम यायचे कुठून?

समुद्रापलीकडून. ‘फेबा’चे सेशेल्स बेटांवरील लघुलहरी केंद्र १९७० ते २००३ या काळात सुरू होते. ‘ट्रान्स वर्ल्ड रेडिओ’ श्रीलंकेतील पुत्तलम येथून ८८२ किलोहर्ट्झवर संध्याकाळी भारतीय भाषांत कार्यक्रम पाठवत आला आहे. संध्याकाळच का? दिवसा वातावरणाचा एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. पुत्तलम ते ठाणे हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर आहे.

याचा संगीतावर काय परिणाम होतो?

एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पोहोचतो, मध्यम लहरींवर सहसा साडेचार-पाचपर्यंतच. झांजेची किणकिण हरवते. मुलांचा आवाज आणि पेटी टिकते. त्यामुळे अशा प्रसारणाला सोपी चाल, मोजकी वाद्ये आणि पुन्हा पुन्हा येणारे धृपदच मानवते. शिवाय रेडिओवर चित्र नसते. प्रसंग बदलला, वादळ आले, गोष्ट संपली, हे मुलाला दोन-चार सेकंदांची धूनच सांगते.

मराठीत अशी गाणी आहेत का?

भरपूर, आणि तीही रेडिओच्या आधीपासून. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजने लिहिली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांचा मोठा वाटा आहे. मुलांसाठी त्यांनी कविताही लिहिल्या. म्हणजे शब्द आहेत, चाली आहेत. त्यांना गोष्टीत गुंफणारी रेडिओ नाटके हवी आहेत.

आता काय बदलले?

इंटरनेटवरून गोष्ट ऐकवायला एफएमचा परवाना लागत नाही आणि झांजही स्पष्ट ऐकू येते. अडचण आता भाषेची आहे. अमेरिकेतील काल्पनिक ‘ओडिसी’ गावाच्या गोष्टी मोबाइलवर तयार मिळतात. मराठी मालिकेसाठी मात्र लेखक, बालकलाकार, वादक आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च जमवावा लागतो. तो जमला नाही, तर इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मराठी ख्रिस्ती घरांतील मुलांना ओडिसीची धून पाठ होईल. टिळकांची चाल मात्र फक्त रविवारी चर्चमध्येच कानावर पडेल.