जुन्या स्वेटरची लोकर

जव्हार-मोखाड्याकडे, शिरपामाळासारख्या उघड्या माळावर, डिसेंबरच्या पहाटे चांगलाच गारठा असतो. विणणाऱ्यांना तिथे लोकर लागतेच, आणि स्वस्त लोकर म्हणजे बाजारातला जुना स्वेटर. घेताना तो उलटा करून शिवण बघा. कडा कापून ओव्हरलॉक केल्या असतील तर सोडून द्या. उसवल्यावर हातात नुसते तुकडे येतात. कडेचे टाके सलग असतील तर धागा लांब निघतो. कसर लागलेला स्वेटर मात्र फुकटही नको.

लोकर खरी का, हे धागा जाळून कळतं: केस जळाल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर; वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक.

उसवायला सहसा गळ्याकडून सुरुवात करा. धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा आणि सुती दोऱ्याने चार ठिकाणी सैल बांधा. रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्या. चोळू नका, पिळू नका. गरम पाण्यात चोळलेली लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. टॉवेलमध्ये दाबून सावलीत टांगली की नागमोडी वळणं बरीचशी सुटतात. अ‍ॅक्रिलिकला वाफ देऊ नका, त्याची उसळी कायमची जाते. धागा विरळ वाटला तर दुहेरी विणा.