मुख्याध्यापकाची आपली रीत

समोर चाळीस मुलें असल्यावांचून बोलण्याची मला संवय नाहीं. तेव्हां श्रोत्यांनीं थोडें सांभाळून घ्यावें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, आणि नोकरीचीं शेवटचीं अकरा वर्षें मुख्याध्यापक होतों. शाळा कशी चालवावी याविषयीं ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु नव्या मुख्याध्यापकाच्या हातीं पहिल्या दिवशीं ग्रंथ नसतो. आधींच्या मुख्याध्यापकाची आठवण असते, आणि बहुतेक जण तिचीच नक्कल करतात. मींही तेंच केलें.

माझ्या आधींचे गृहस्थ करारी होते. दुसरी घंटा झाली कीं फाटक बंद. त्यांच्या वहाणांची करकर ऐकूं आली कीं व्हरांडा चिडीचूप. मीं पहिल्याच दिवशीं फाटकाची किल्ली आपल्याकडे घेतली. महिनाभरांत उशिरा येणारीं मुलें दिसेनाशीं झालीं, आणि मी मनांतून सुखावलों. त्यांतला सातवींचा एक मुलगा शाळेंतच येईनासा झाला आहे, हें मला फार उशिरां हजेरीपटावरून कळलें.

त्याच्या घरीं गेलों. पोरगा पहाटे घरोघर दूध टाकी, मग धाकट्या बहिणीला अंगणवाडींत पोंचवी आणि तेथून धांवत शाळेला येई. आई म्हणाली, "गुरुजी, चार वेळां फाटकावरून परत आला. पांचव्यांदा गेलाच नाहीं." आधीं सांगितलें कां नाहीं, असें मीं विचारलें. ती म्हणाली, "फाटक बंद असल्यावर सांगायचें कुणाला?"

शिपायानें पुढें मला सांगितलें कीं, जुने मुख्याध्यापक अशा चार-सहा मुलांसाठीं मागचें दार उघडें ठेवीत. ते त्याच वस्तींत बरींच वर्षें राहिलेले. कोणाच्या घरीं काय चालतें तें त्यांना ठाऊक. त्यांचा कडकपणा मला दिसला होता. त्यामागची ओळख दिसली नव्हती.

ज्या अंगणवाडींत ती मुलगी जाई, तिचें मूळ ताराबाई मोडक यांच्या कार्यांत आहे. ताराबाईंनीं भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलें होतें आणि मॉन्टेसरी पद्धति नीट अभ्यासिली होती. परंतु १९४५ सालीं त्यांनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम मांडलें, तेव्हां ती पद्धति त्यांनीं जशीच्या तशी लादली नाहीं. मूळचीं साधनें महाग, म्हणून खडे, शिंपले, पानें, बिया हींच साधनें झालीं. गरिबांचीं मुलें बालवाडींत येत ना, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाडला गेलें. तेथें अनुताई वाघ यांच्यासह गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा चालविल्या गेल्या. १९७५ सालच्या बालविकास योजनेनें अंगणवाडी हें नांव देशभर नेलें, हें आपण जाणतांच. मला त्यांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, मूल कां येत नाहीं, हा प्रश्न त्या बाईंनीं प्रथम विचारला आणि पद्धति मागाहून ठरविली.

मीं किल्ली शिपायाला परत दिली. पहिल्या घंटेपूर्वीं स्वतः फाटकाशीं उभा राहूं लागलों; उशीर झालेल्याला आंत घ्यावयाचें आणि मधल्या सुटींत कारण विचारावयाचें. वहाणांचा धाक मला कधीं साधला नाहीं. मुलांशीं बोलणें मात्र साधे. शिक्षकांच्या सभेंत सर्वांच्या शेवटीं बोलण्याची संवयही मीं लावून घेतली, कारण मी प्रथम बोललों कीं बाकीचे माना डोलवीत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनीं शिस्त सैल झाल्याची तक्रार त्याच सभेंत केली. ती खोटी नव्हती. उशिरा येणारांची संख्या कांहीं महिने वाढलीच, आणि त्यांत निव्वळ आळशीही होते. त्यांच्या पालकांना बोलावण्यांत माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या.

तो मुलगा परत आला, पण गणितांत मागें पडला तो पडलाच. त्याच्यासाठीं मी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबत असें. कांहीं दिवस तो येई. कांहीं दिवस संध्याकाळचें दूध टाकावयाचें असे.